चूक मान्य, पण प्रोटेस्ट फेटाळला! हार्नेस रेसिंगमधला हा न्याय कुणी समजावेल का?

लगाम (धागालेखक)

मंडळी, शनिवारपासून डोक्यात भुंगा फिरतोय, म्हणून धागा काढतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो. इथे हार्नेस रेसिंगचं वेड आहे. घोड्यावर जॉकी नसतो. मागे सल्की नावाची हलकी दोनचाकी असते आणि तिच्यात पाय पसरून ड्रायव्हर बसतो. टांगा नव्हे, टांग्याचा सांगाडा म्हणा. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ठरल्या चालीतच पळायचं. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी क्राइस्टचर्चला ॲडिंग्टनच्या मैदानावर ट्रॉटिंग कप असतो, ३२०० मीटरचा, १९०४ पासून चालू. त्या दिवशी ऑफिसात कुणाला काम सांगायची सोय नसते.

एका सहकाऱ्याच्या नादाने मी दीड वर्षापूर्वी एका घोडीत भागीदार झालो. वीस जणांत मिळून घेतलेली, प्रत्येकी पाच टक्के. पाच टक्के म्हणजे साधारण शेपटी माझी. बायकोच्या मते तेवढीही नाही.

शनिवारी एका छोट्या गावच्या गवती मैदानावर शर्यत होती. अकरा घोडे, मोबाईल स्टार्ट. (एक मोटार मागच्या बाजूला पंखांसारखं फाटक पसरून पुढे धावते, घोडे त्यामागे रांगेत येतात, खुणेपाशी फाटक मिटतं आणि मोटार सुसाट बाजूला होते.) शेवटच्या सरळ पट्ट्यात आमची घोडी पुढच्या घोड्याच्या बाहेरून वर येत होती. शेवटचे दोनशे मीटर राहिले असतील. एवढ्यात तो पुढचा घोडा बाहेर सरकला. चाकाला चाक लागेल म्हणून आमच्या ड्रायव्हरने लगाम खेचला. तीन पावलं, फार तर चार. मग परत मोकळं सोडलं. निकाल: आम्ही दुसरे, अंतर एक मान.

भोंगा वाजला, प्रोटेस्ट (म्हणजे निकालावर आक्षेप) दाखल झाला. ट्रेनरबरोबर मीही आत गेलो. पाच टक्केवाल्याला कुणी अडवलं नाही.

खोली आपल्या तलाठी कचेरीएवढी. एक टेबल, भिंतीवर पडदा, दोन्ही ड्रायव्हर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले, तोंडावर अजून चिखलाचे ठिपके. आमची ड्रायव्हर तेवीस वर्षांची पोरगी, समोरचा पन्नाशीचा. फिल्म तीन बाजूंनी दाखवली: समोरून, कडेने, मागून. समोरून बघितल्यावर कुणालाच शंका उरली नाही. तो सल्कीच्या रुंदीएवढा सरकला होता. त्यानेही नाकारलं नाही. आवाज कुणाचाच चढला नाही, जणू घरातल्या घरात वाटणी चालली आहे.

मग निवाडा करणाऱ्याने आमच्या पोरीला विचारलं, "हे झालं नसतं तर तू जिंकली असतीस का?"

ती थांबली. म्हणाली, "सांगता येत नाही. संधी तरी मिळाली असती."

मी मनात कपाळावर हात मारला. दहा मिनिटांनी निर्णय आला. अडथळा झाला हे मान्य, पण तो झाला नसता तर आमची घोडी पुढे गेली असती अशी खात्री पटत नाही. प्रोटेस्ट फेटाळला. त्या ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा वेगळा आरोप ठेवला, तो त्याने तिथेच कबूल केला आणि त्याला निलंबन मिळालं.

म्हणजे नियम मोडला हे सिद्ध, मोडणारा कबूल, शिक्षा झाली, आणि पहिला नंबर त्याचाच! हा कुठला न्याय?

दुपारचा_चहा

धागा वाचला, चहा संपला. शेपटीला तरी बक्षीस मिळालं का?

लगाम

@दुपारचा_चहा, पहिल्या-दुसऱ्याच्या बक्षिसातला माझा पाच टक्के फरक म्हणजे गाडीच्या टायरचे पैसेही नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे हो!

मिरजेचा_झेंडा

लगाम भाऊ, आमच्याकडं हा घोळच नाही. आमच्या बाजूच्या बैलगाडी शर्यतीत प्रत्येक गाडीला आपलं तास, म्हणजे पळायची पट्टी, ठरलेलं असतंय. एक नंबर तास, दोन नंबर तास, असं सात गाड्या एका वेळी सुटत्यात. गाडी दुसऱ्याच्या तासात घुसली की बाद. कुणाला आडवी गेली का, कोण पुढं आलं असतं, ही चर्चाच नाही. निशाणाजवळचा पंच बघतोय, आता तर निकालाच्या रेषेवर कॅमेराबी असतोय. बैल हिंदकेसरी असो नाहीतर कालचा आदत (दुधाचे दात न पडलेला खोंड), तास सोडलं की गाडी गावाकडं.

मी पाच-सहा मैदानाला पंच म्हणून उभा राहिलोय. माझं स्पष्ट मत: "असं झालं असतं तर" हे वाक्य पंचाच्या तोंडात आलं की मैदान संपलं. पब्लिक खुर्च्या उचलतंय.

रेसकोर्सची_कड

माझं आयुष्य पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलं, पण आपल्याकडे ह्या सल्कीच्या शर्यती नाहीत, सगळं जॉकीवालं. तिथेही ऑब्जेक्शन येतं. निकाल लागला तरी "तिकिटं जपून ठेवा" अशी हाक ऐकली की पोटात गोळा येतो. एकदा मी जिंकलेलं तिकीट रागाच्या भरात फाडून टाकलं होतं, कारण माझा घोडा दुसरा आला होता. वीस मिनिटांनी तो पहिला झाला. मी आणि माझा मेहुणा खुर्चीखाली तुकडे गोळा करत बसलो. तिकिटाचा अर्धा भाग सापडला, अर्ध्यावर कुणीतरी भेळ खाल्ली होती.

असो. लगाम, तुमच्या पोरीने खरं बोलायला नको होतं असं तुम्हाला वाटतंय का?

लगाम

खरं सांगू? त्या क्षणी हो.

जर्सीकर

विषय निघालाच आहे तर आमच्या अंगणातली गोष्ट सांगतो. न्यू जर्सीतलं मेडोलँड्स माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथे ऑगस्टच्या सुरुवातीला हॅम्बलटोनियन होते. तीन वर्षांच्या ट्रॉटर (दुडक्या चालीने पळणाऱ्या) घोड्यांची, एक मैलाची, हार्नेस रेसिंगची इथली सगळ्यात मानाची शर्यत. १९२६ पासून चालू आहे, मेडोलँड्सला १९८१ मध्ये आली.

५ ऑगस्ट २०१७. बक्षीस दहा लाख डॉलर. व्हॉट द हिल नावाचा घोडा पहिला आला, ड्रायव्हर डेव्हिड मिलर. लोक नाचायला लागले आणि फलकावर 'इन्क्वायरी' (चौकशी) पेटलं. शेवटच्या पट्ट्यात बाहेर निघताना त्याने गार्डियन एंजल ए एस नावाच्या घोड्याला अडथळा केला होता आणि तो बिचारा चाल मोडून गॅलपला लागला होता. इथे ड्रायव्हर खोलीत येऊन बसत नाहीत, पंच वरून फोन लावतात आणि ड्रायव्हर खाली फोनवरच आपली बाजू मांडतो. पंचांनी व्हॉट द हिलला काढून, ज्याला अडथळा झाला त्याच्या मागे टाकलं. हॅम्बलटोनियन मिळाली परफेक्ट स्पिरिटला, ड्रायव्हर आणि ट्रेनर दोन्ही ओके स्वानस्टेट, मूळ स्वीडनचा.

आता गंमत बघा. परफेक्ट स्पिरिटला कुणी धक्काही लावला नव्हता. मार खाल्ला एकाने, पेढे खाल्ले दुसऱ्याने.

म्हणून लगाम, तुमची घोडी इथे पळाली असती तर शनिवारी तुम्ही फोटो काढून घेतला असता.

मिरजेचा_झेंडा

बघा! अमेरिकेत बी तास सोडलं की बाद. मी काय वेगळं बोलत होतो?

दुपारचा_चहा

केंटकी डर्बीतही असंच झालं होतं ना? मॅक्सिमम सिक्युरिटी नावाचा घोडा?

जर्सीकर

हो, मे २०१९. पण ती जॉकीवाली शर्यत. पंचांनी बावीस मिनिटं फिल्म बघितली, पहिला आलेला घोडा सतराव्या नंबरवर गेला आणि ६५ला १ भावाचा कंट्री हाउस जिंकला. प्रकरण कोर्टात गेलं, मैदानावरचा निर्णय टिकला. ते भांडण अजून दर मे महिन्यात नव्याने सुरू होतं.

अबलख

मी मेलबर्नजवळ घोड्यांच्या दवाखान्यात काम करते. हार्नेसचे घोडे रोज हाताखालून जातात. लगाम, तुमचा राग कळतो, पण तुम्ही दोन प्रश्नांची मोट एकत्र बांधली आहे.

पहिला प्रश्न: ड्रायव्हर चुकला का? ह्याचं उत्तर त्याला भोगावं लागतं, निलंबन म्हणा, दंड म्हणा. दुसरा प्रश्न: क्रमांक बदलायचा का? त्याचं उत्तर मालकांना, ट्रेनरला आणि तिकीट काढलेल्या प्रत्येकाला भोगावं लागतं. एका खोलीत, एकाच फिल्मवर दोन्ही ठरतं म्हणून ते एक वाटतं. तुमच्याकडे २०२१ पासून रेसिंग इंटेग्रिटी बोर्ड आहे. स्टुअर्ड (शर्यतीवरचे अधिकारी) मैदानावर नजर ठेवतात, निवाडा करणारे वेगळे बसतात. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात स्टुअर्डच ऐकतात, स्टुअर्डच ठरवतात. पण दोन्हीकडे दोन प्रश्न वेगळेच.

जॉकीवाल्या शर्यतींत जगभर ह्याचे दोन पंथ पडलेत. एका पंथात विचारतात, अडथळा नसता तर मार खाणारा घोडा मारणाऱ्याच्या पुढे आला असता का? आला असता तरच क्रमांक बदलतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड त्यात. जपान २०१३ मध्ये त्यात गेलं, फ्रान्स आणि जर्मनी २०१८ मध्ये. दुसऱ्या पंथात विचारतात, अडथळ्याने त्या घोड्याचं काही गेलं का? गेलं असेल तर मारणाऱ्याला त्याच्या मागे टाका. अमेरिका आणि कॅनडा तिथेच राहिलेत. तुमची शनिवारची खोली पहिल्या पंथाच्या भाषेत बोलत होती, जर्सीकरांचं मेडोलँड्स दुसऱ्या.

आता एक सांगा. लगाम खेचल्यावर परत सोडला, तिथून रेषेपर्यंत किती अंतर होतं? आणि तेवढ्यात तुमच्या घोडीने दरी कमी केली का?

लगाम

अंतर... शंभर-सव्वाशे मीटर असेल. दरीचं बघून सांगतो. रिप्ले आहे.

घाटातला_गडी

आमच्या जुन्नर-खेडकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. एकच बारी, सोबत घड्याळ. आडवं यायला कोणी नाही. म्हणून आमचं भांडण होतं ते घड्याळाशी. झेंडा कधी पडला, घड्याळ कधी दाबलं, सेकंदाच्या पॉइंटातल्या फरकावरून गावं बोलेनाशी झालीत.

मिरजकर, तुमच्या तासाच्या नियमाला माझा पाठिंबा. फक्त एक अनुभव: २०१४ ते २०२१ बंदी होती तेव्हा लोक म्हणायचे, एकदा चालू होऊ द्या, सगळे नियम पाळू. १६ डिसेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टाने वाट मोकळी केली. १८ मे २०२३ला घटनापीठाचं शिक्कामोर्तब झालं. आणि आता पंचाच्या अंगावर धावून जातात ते हेच लोक. नियम कडक असला तरी पंच माणूसच.

मिरजेचा_झेंडा

गडी, खरं हाय. माझ्या शर्टाची दोन बटणं गेली होती एकदा. पण तेवढ्यासाठी नियम पातळ करायचा का?

अबलखताई, तुमचं पटलं पण अर्धंच. तीन पावलं घोडी थांबली. ती तीन पावलं कुणाच्या खात्यात? मारणारा म्हणतोय चुकलो. आणि सिद्ध करायचं कुणी, तर मार खाल्लेल्यानं! त्या पोरीला विचारतात तू जिंकली असतीस का. अरे, त्याला विचारा की, तू सरळ पळाला असतास तर जिंकला असतास का?

अबलख

झेंडादादा, हा प्रश्न खरंच चांगला आहे आणि माझ्याकडे त्याचं गोड उत्तर नाही. संशयाचा फायदा पुढे असलेल्याला मिळतो, हे खरं आहे. ह्या पंथावर टीका करणारे नेमकं हेच म्हणतात: अडथळा करून जिंकलास तर पहिला नंबर ठेव आणि आठवडाभर घरी बस, हा सौदा काही ड्रायव्हरना परवडतो.

पण तासाचा नियम इथे चालवायचा कसा? इथे तासच नाहीत. घोडे बाहेरून आत येणार, आतून बाहेर निघणार, पुढच्याच्या पाठीशी वारा चुकवत बसणार, तीच तर शर्यत. सरकायला परवानगी आहे, दुसऱ्याची जागा खाऊन सरकायला नाही. म्हणून प्रत्येक वेळी बघावं लागतं, जागा होती का, किती होती.

आणि सगळेच नियम "कुणाचं गेलं" ह्यावर चालत नाहीत, हेही सांगते. मैदानाच्या आतल्या कडेला छोटे खांब असतात. त्यांच्या आतून गाडी घातली तर कुणाला धक्का लागत नाही, पण तुमचा रस्ता छोटा होतो. तिथे मार खाणारा शोधून सापडत नाही, फायदा घेणारा मात्र समोर असतो. चाल मोडणं तसंच.

दुपारचा_चहा

हे चालीचं जरा इस्कटून सांगा की. घोडा पळतोय, मग गॅलप केला तर पाप काय?

अबलख

पापच आहे, सगळा खेळ त्यावर उभा आहे. हार्नेसमध्ये दोन चाली. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी: पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र, मग उलट. पेस म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र, मग दुसऱ्या बाजूचे. आपल्याकडे मारवाडी घोड्यांची रवाल चाल ऐकली असेल, तिची ही लांबची चुलत बहीण. पेसरच्या चारी पायांत पट्टे अडकवलेले असतात, त्यांना हॉबल म्हणतात, चाल टिकायला मदत होते. घोडीच्या मांडीवर त्या पट्ट्यांनी केस झिजलेले असतात, मी रोज तिथे मलम लावते.

जोर वाढला की घोड्याला गॅलपला जावंसं वाटतं, तोच त्याचा खरा वेगाचा गिअर. म्हणून गॅलपने मिळवलेलं अंतर चोरीचं. फ्रान्समध्ये ह्यावर दयामाया नाही. पॅरिसच्या व्हॅन्सेनला जानेवारीअखेर प्री द'अमेरीक होते, २७०० मीटर. तिथे गॅलप करून अंतर घेतलं की घोडा बाद, मग मागून कुणी रडत येवो न येवो.

जर्सीकर

अमेरिकेत जरा सवलत आहे. चाल मोडली तर ड्रायव्हरने जागा असेल तिथे बाहेर काढायचं, घोड्याला चालीवर आणायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा आणि त्या काळात अंतर गमवायचं. हे तिन्ही केलं तर शर्यतीत राहता येतं. पण रेषेवरच घोडा गॅलपात असेल आणि चालीत पळणाऱ्या दुसऱ्या घोड्याचं तोंड त्याच्या मागच्या फऱ्यापर्यंत पोचलं असेल, तर त्याला मागे टाकतात. फोटो बघून ठरतं. वादाला जागा नाही. म्हणजे असते, पण कमी.

मिरजेचा_झेंडा

हे आवडलं. गॅलप केलास तर अंतर गमव. म्हणजे चोरीचा माल तिथल्या तिथं परत. आमच्या मैदानात असं काही बसवता येतंय का बघायला पाहिजे, पण बैलाला कोण सांगणार, आता जरा हळू!

रेसकोर्सची_कड

लगामसाहेब रिप्ले बघायला गेले ते गेलेच. पिक्चर बघताय का?

लगाम

आलो. नऊ वेळा बघितलं. शेवटी बायकोने लॅपटॉप बंद केला.

अबलख, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी समोरून घेतलेली फिल्म सोडून कडेची बघितली आणि पडद्यावर चक्क चिकटपट्टी लावून मोजलं. लगाम सोडला तेव्हा आमच्या घोडीचं नाक त्याच्या घोड्याच्या खोगीरपट्ट्याशी होतं. पन्नास मीटरनंतरही तिथेच. मग शेवटी थोडी वर आली, मानेपर्यंत. पण तेव्हा तो ड्रायव्हर मागे वळून बघत होता आणि त्याने घोडा सैल सोडला होता. म्हणजे मोकळा रस्ता मिळाल्यावरही आम्ही त्याला खाल्लं नाही. त्या खोलीत हे मला दिसलंच नाही, कारण मी फक्त ते तीन पावलांचं दृश्य बघत होतो. निवाडा करणारा बहुतेक त्याच्या पुढचे शंभर मीटर बघत होता.

मात्र झेंडादादांचा मुद्दाही डोक्यातून जात नाही. थांबवलेली घोडी परत त्याच जोराने उचलते का? दम एकदा तुटला की तुटला. पुढच्या शंभर मीटरवर तिची परीक्षा घेणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला म्हणायचं, आता पळून दाखव.

अबलख

हो, आणि चांगला ट्रेनर हेच त्या खोलीत मांडतो. तुमच्या ट्रेनरने मांडलं का?

लगाम

नाही. तो दोन वाक्यं बोलला आणि गप्प बसला. काल फोन करून विचारलं तर म्हणाला, पोरीने जे सांगितलं त्यापुढे मी काय बोलणार. मी म्हटलं, तिने "जिंकले असते" म्हणायला हवं होतं. तर म्हणाला, मागच्या मोसमात ती त्याच खोलीत दुसऱ्या बाजूला बसली होती, तिच्यावर प्रोटेस्ट होता. समोरच्याने "मी नक्की जिंकलो असतो" म्हणून सांगितलं आणि फिल्ममध्ये त्याचा घोडा दमलेला दिसत होता. त्याचं पुढे कुणी ऐकेना. तेच चार लोक पुढच्या शनिवारी परत समोर असतात, म्हणाला.

घाटातला_गडी

ट्रेनर हुशार दिसतोय. पाच टक्क्यांत पडला तरी स्वस्त.

मिरजेचा_झेंडा

पोरगी खरी हाय. तिला माझा रामराम सांगा. पण नियम मला अजून पटलेला नाही, हे लिहून ठेवा.

दुपारचा_चहा

लगाम, त्या पन्नाशीच्या ड्रायव्हरचं काय झालं?

लगाम

निलंबनात आहे. आमच्या ट्रेनरच्या तबेल्यात येऊन बसतो म्हणे रोज सकाळी, घोडे फिरवायला मदत करतो. परवा आमच्याच घोडीला त्याने फिरवलं. मला कळल्यावर मी पुन्हा कपाळावर हात मारला.

येत्या शनिवारी घोडी परत धावतेय, आतल्या कडेच्या एक नंबरातून. ड्रायव्हर तीच पोरगी. ह्या वेळी प्रोटेस्ट आमच्यावर आला तर धागा वर काढेन. झेंडादादा, तेव्हा पंच म्हणून तुम्हीच बसा.

मिरजेचा_झेंडा

बसतो की. तिकीट पाठवा.